मेण, राळ आणि रंग

चित्रकलेत जलरंग असतात, तैलरंग असतात, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण मेणाचे रंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो बालवर्गातला खडूंचा डबा. गेल्या जानेवारीपर्यंत मीही त्याच समजुतीत होतो. वितळलेल्या मेणात रंग कालवून, तो गरम असतानाच फळीवर लावून चित्रे काढण्याची एक फार जुनी रीत आहे, तिला ‘एन्कॉस्टिक’ म्हणतात, हे मला प्रथम कळले ते कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर. आणि तेही शिबिरार्थी म्हणून नव्हे, तर पाणी भरणारा मदतनीस म्हणून!

आमचे गाव खालापूर तालुक्यात, केळवली स्टेशनापासून चालत जाण्याजोगे. माझे मामा कर्जत-चौक रस्त्याच्या आतल्या अंगाला एका फार्महाऊसची राखण करतात. अलीकडे आमच्या भागात अशी घरे पुष्कळ झाली आहेत. मुंबई-पुण्याची माणसे शनिवार-रविवारी तेथे येतात. कधी योगासाठी, कधी गाण्यासाठी, तर कधी चित्रांसाठी. त्या वेळी तीन दिवसांचे मेणचित्रांचे शिबिर होते. शिकवायला एक चित्रकार बाई आणि त्यांचे यजमान आले होते. शिबिराची फी ऐकली तेव्हा ती माझ्या वर्षाच्या कॉलेज-फीपेक्षा जास्त निघाली. मामा म्हणाले, “अरे, चित्रकलेचा विद्यार्थी ना तू? मग फळ्या उचलायला ये. डोळे उघडे ठेवायला कोण पैसे मागतो?”

मी गेलो, आणि डोळे उघडे ठेवले. त्या तीन दिवसांत जे पाहिले आणि नंतर घरी जे करून पाहिले, ते येथे सांगतो.

प्रथम नावाविषयी. ‘एन्कॉस्टिक’ हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ ‘तापवून आत मुरवलेले’. या पद्धतीचे सारे मर्म या एका शब्दात आहे. जलरंग पाणी उडून गेल्यावर वाळतो, तैलरंग हवेशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होतो. मेणरंग मात्र वाळत नाही, तो थिजतो. ब्रश तव्यावरून फळीपर्यंत नेईतो तो थिजू लागतो. म्हणून प्रत्येक थर लावल्यावर त्याला वरून पुन्हा ऊब द्यावी लागते, म्हणजे तो खालच्या थरात वितळून एकजीव होतो. ही ऊब दिली नाही, तर थर एकावर एक नुसते बसून राहतात आणि पुढे पापुद्र्यासारखे सुटतात. शिबिरात यासाठी गरम हवेचे विजेचे यंत्र होते. प्राचीन लोक तापवलेली लोखंडी हत्यारे वापरीत.

ही रीत किती जुनी? रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात तिचे वर्णन केले असून, जहाजेही मेणरंगाने रंगवीत असे तो सांगतो. मेणाला पाण्याची बाधा होत नाही, हे त्याचे उघड कारण. पण या कलेचे खरे वैभव दिसते ते इजिप्तमधील फायूम प्रांतात सापडलेल्या चित्रांत. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत तेथे मृताच्या ममीवर, चेहऱ्याच्या जागी, त्याचे फळीवर रंगवलेले चित्र बसवीत. १८८८ साली फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकाला हवारा येथील उत्खननात अशी अनेक चित्रे मिळाली. त्यांतील कित्येक मेणरंगात आहेत. बाईंनी त्यांची छापील चित्रे भिंतीवर लावली होती. सतराअठराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांचे डोळे ओले वाटावेत इतके जिवंत आहेत. मी पाण्याची बादली हातात धरून तेथे बराच वेळ उभा राहिलो होतो. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठात सहाव्या शतकातले येशू ख्रिस्ताचे चित्र आहे, तेही याच पद्धतीचे. पुढे ही रीत मागे पडली. विसाव्या शतकात मेक्सिकोच्या दिएगो रिव्हेराने १९२२-२३ मध्ये ‘क्रिएशन’ हे आपले भित्तिचित्र मेणरंगात केले, आणि अमेरिकेच्या जॅस्पर जॉन्सने १९५४-५५ मध्ये ‘फ्लॅग’ हे चित्र केले, तेव्हापासून तिच्याकडे पुन्हा सर्वांचे लक्ष गेले.

जॉन्सच्या या चित्रापाशी ‘मिश्र माध्यम’ हा शिबिरातला दुसरा विषय येऊन मिळतो. त्याने वर्तमानपत्राचे तुकडे घेऊन त्यांवर मेणरंग चढवले आणि त्यांतून अमेरिकेचे निशाण उभे केले. मेण अर्धपारदर्शक असल्यामुळे खालची छापील अक्षरे अंधुक दिसत राहतात. म्हणजे मेण हा एकाच वेळी रंगही असतो, डिंकही असतो आणि काचही असते. कागद, कापड, दोरा, वाळलेले गवत, जे कोरडे आहे ते मेणात बसते. शिबिरातल्या एका गृहस्थांनी कर्जत लोकलचे तिकीट बसवले, एका बाईंनी भाताचा पेंढा बसवला. एकीने मात्र हौसेने पळसाचे ओले पान बसवले. ते दुसऱ्या दिवशीच काळवंडू लागले. “आतला ओलावा कोंडला की कुजणारच,” असे बाई म्हणाल्या.

आता प्रत्यक्ष कृती. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. नुसते मेण मऊ असते, म्हणून त्यात दमार नावाची राळ घालतात. वजनाने आठ भाग मेणाला एक भाग राळ, हे प्रमाण नेहमीचे. राळेने मेणाला कठीणपणा आणि चमक येते. हे मिश्रण गाळून घ्यायचे, त्यात कोरडी रंगपूड घालायची आणि तवा ९० ते ९५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्यापुढे मेण धुरावू लागते आणि तो धूर घशाला व फुप्फुसांना वाईट. खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात. विषारी धातूंच्या रंगपुडी तर या कामात वर्ज्यच समजाव्यात.

आधार कोणता घ्यावा, हेही महत्त्वाचे आहे. ताणलेले कॅनव्हास हलते, त्यामुळे मेणाला तडे जातात. म्हणून लाकडी फळी किंवा जाड प्लायवूड बरे. फळीने मेण शोषून घेतले पाहिजे. बाजारात मिळणारा ॲक्रिलिकचा पांढरा अस्तररंग हा एक प्रकारचा प्लास्टिकच; त्यावर मेण धरत नाही. खडूची पूड आणि सरस यांचे जुन्या पद्धतीचे अस्तर चालते, नाहीतर कोरी फळीही चालते.

राळेची पुरचुंडी बाईंनी सोडली, तेव्हा मी थबकलो. तो वास माझ्या ओळखीचा होता! माझी आजी जन्मभर भातलावणीला गेली. चिखलात राहून तिच्या टाचांना भेगा पडत, आणि त्यांवर ती घरी मलम करी: मेण, राळ आणि तेल. लोखंडी पळीत चुलीवर वितळवून ते पत्र्याच्या डबीत ओतायची. मेण ठाकरवाडीतल्या मोहोळ काढणाऱ्या माणसाकडून यायचे, राळ काष्ठौषधीच्या दुकानातून. मी बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, “अरे, दमार ज्या झाडांची, ती आपल्या सालाच्याच कुळातली. आणि राळ म्हणजे सालाचाच डिंक. तुझ्या आजीला निम्मी कृती येत होती की!” मग त्यांनी मला बादली ठेवायला सांगून शेवटच्या बाकावर बसवले.

खरे पाहता मेणाची ओळख आपल्याला नवी नाहीच. बाराव्या शतकातला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाचा साचा करून धातूच्या मूर्ती ओतण्याची रीत सांगितली आहे. बस्तरचे ढोकरा कारागीर आजही तेच करतात. बाटिकच्या कापडावर जेथे रंग नको तेथे मेण लावतात. आपल्याकडे मेण काम करून वितळून जाते, धुऊन जाते. एन्कॉस्टिकमध्ये तेच मेण चित्र होऊन राहते, एवढाच फरक. पण तो लहान फरक नव्हे.

शिबिर संपल्यावर खरवडलेल्या मेणाचे तुकडे टाकून देत होते, ते मी मागून घेतले. वाडीतून आणखी थोडे मेण आणले, दुकानातून राळ आणली आणि घरी प्रयोग मांडला. पहिल्याच दिवशी फजिती झाली. चुलीचा विस्तव आवरेना, मेणातून पांढरा धूर निघू लागला आणि मी पाण्याचा तांब्या उचलला. आई ओरडली म्हणून वाचलो. तापलेल्या मेणात पाणी पडले तर ते तेलासारखेच उसळते. पेटलेच तर वर झाकण घालून विझवायचे असते. तेव्हापासून मी पातेल्यात पाणी उकळवून त्यात मेणाचा डबा ठेवतो. पाणी शंभर अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून मेणही धुरावत नाही. राळ मात्र अशा उष्णतेला नीट विरघळत नाही. ती थोड्या मेणात, मंद आचेवर, उघड्या अंगणात आधी वितळवून घेतो. तापवायला जुनी इस्त्री वापरतो.

आजी तीन वर्षांपूर्वी गेली. तिचा म्हणून एकच फोटो, आधारकार्डावरचा. शिबिरात एक युक्ती शिकलो होतो: फोटोची झेरॉक्स थिजलेल्या मेणावर पालथी घालायची, चमच्याने घासायची, मग कागद पाण्याने भिजवून बोटांनी हळूहळू चोळून काढायचा. काळी शाई मेणावर राहते. तसा मी आजीचा चेहरा उतरवला, वर पातळ थर दिला, खाली तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी आणि भाताच्या काड्या बसवल्या. आईने चित्र हातात घेतले, वास घेतला आणि गप्प राहिली. मग म्हणाली, “चमकी उजव्या नाकात कशी रे? आईंची डावीकडे होती.” पालथ्या छापात डावे उजवे होते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडून उलटी प्रत करून घेतली आणि चेहरा पुन्हा उतरवला.

तीन दिवसांत कोणी चित्रकार होत नाही, हे बाईंनीच निरोपाच्या वेळी सांगितले होते. शिबिरात हाताला ओळख होते. सराव घरीच करायचा असतो. पण ज्याला फी परवडते त्यालाच ती ओळख व्हावी, हेही बरे नाही. मेण वाडीत आहे, राळ दुकानात आहे, फळी सुताराकडे पडलेली असते. आपल्या कॉलेजच्या चित्रकला मंडळाने पावसाळ्यानंतर एक रविवार यासाठी काढावा, अशी माझी विनंती आहे. इस्त्री आणि पातेले मी घेऊन येईन.

जाता जाता एक सूचना. मेणचित्र उन्हात ठेवू नये. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेवढ्याने ते वितळत नाही, पण बंद गाडीत किंवा तापलेल्या पत्र्याखाली मऊ पडते. थंडीत त्यावर पांढुरकी साय धरते. ती बिघाडाची खूण नव्हे. मऊ कापडाने पुसले की चमक परत येते. आमच्या घरी ते काम आई करते, पदराने.