स्थलांतरी चतुर, मालदीवमधील

ओडोनाटा गणाच्या लिबेल्युलिडी कुलातील एक दूरगामी कीटक. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हिसेन्स. फाब्रिसिउस यांनी १७९८ मध्ये याचे प्रथम वर्णन केले. शरीराची लांबी सु. ४·५ सेंमी., रंग सोनेरी पिवळा. मागील पंखांचा बुडाकडील भाग रुंद असल्यामुळे तो पंखांची फारशी हालचाल न करता वाऱ्यावर बराच वेळ तरंगू शकतो. मादी पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालते. अळीची वाढ सु. सहा ते नऊ आठवड्यांत पूर्ण होते व डबके आटण्यापूर्वी नवी पिढी उडून जाते.

हिंदी महासागरातील मालदीव हा सु. १,२०० प्रवाळबेटांचा समूह आहे. पावसाचे पाणी प्रवाळी जमिनीत लगेच मुरते. भूपृष्ठावर गोडे पाणी जवळजवळ नसते. त्यामुळे तेथे दिसणारे बहुतेक सर्व चतुर बाहेरूनच आलेले असले पाहिजेत, हे उघड आहे. दक्षिण भारतापासून माले बेटापर्यंतचे सागरी अंतर ५०० ते १,००० किमी. आहे. साध्या निरीक्षणाला येथे विशेष मोल येते ते याच कारणाने.

जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी १९९६ पासून माले येथे चतुरांच्या आगमनाच्या नोंदी ठेवल्या व त्यांवरील निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. चतुर प्रथम ऑक्टोबरमध्ये येतात. नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये त्यांची संख्या सर्वाधिक असते. ते लाटांसारखे येतात व प्रत्येक लाट काही दिवसांतच ओसरते. आगमनाच्या तारखा दक्षिण भारतात सर्वांत आधीच्या, मालेत त्यानंतरच्या व दक्षिणेकडील कंकणद्वीपांत आणखी उशिराच्या आढळल्या. पुढे सेशेल्समध्ये नोव्हेंबरात, तर आल्डाब्रा येथे डिसेंबरात हे चतुर दिसतात. या क्रमावरून भारत ते पूर्व आफ्रिका हा मार्ग अनुमानिला गेला. ऑक्टोबरमध्ये मालदीवात जमिनीलगतचे वारे प्रतिकूल असतात; मात्र सु. १,००० मी. पेक्षा अधिक उंचीवर ईशान्येकडून वारे वाहतात. चतुर त्यांचाच आधार घेत असावेत.

एप्रिल ते जूनमध्ये ते अल्प संख्येने मालदीवात पुन्हा दिसतात. हा परतीचा प्रवास मानला जातो. जाण्या-येण्याचे एकूण अंतर १४,००० ते १८,००० किमी. असून ते सु. चार पिढ्यांत पार पडते, असा अँडरसन यांचा अंदाज आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मालदीवातील चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनाच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासण्यात आले. त्यावरून त्यांचे जन्मस्थान दक्षिण भारताच्याही बरेच उत्तरेस असावे, असे दिसून आले. अशा रीतीने हा मार्ग एकेका कीटकाचा माग काढून नव्हे, तर अनेक बेटांवरील तारखा, वारे व पाऊस यांची सांगड घालून निश्चित करण्यात आला आहे.