पुस्तकखरेदीचा शनिवार

सकाळी ६.४५. सासवड एसटी स्थानक. पर्समध्ये मुख्याध्यापकांचं पत्र, हातात दोन रिकाम्या पिशव्या आणि पोरांच्या मागण्यांचा कागद. ‘भुताचं, पण खरं’, ‘क्रिकेटचं’, ‘जाड नको’. सातवीतल्या एकीनं लिहिलंय, ‘मागच्यासारखं’. मागचं कुठलं ते देवघेव वहीत पाहिलं: ‘तोत्तोचान’. त्यानंतर तिनं एकही पुस्तक नेलेलं नाही.

७.३०. दिवेघाट उतरून गाडी फुरसुंगीच्या हद्दीत. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला बनेश ऊर्फ फास्टर फेणे इथला. २०१७ साली त्याच्यावर सिनेमा आला तेव्हा पोरं ग्रंथालयात येऊन विचारायला लागली, "बाई, यावर पुस्तकपण काढलंय का?" मी काही बोलले नाही, पुस्तक हातात दिलं.

११.००. पुण्यातला अप्पा बळवंत चौक. गाइडांचे गठ्ठे ओलांडून आत जावं लागतं. गोष्टीचं पुस्तक म्हटलं की काउंटरवरचा मुलगा विचारतो, "संस्काराचं देऊ का?" तीन वर्षांपूर्वी मी हो म्हणाले होते. दहा थोर पुरुषांचा गुळगुळीत संच! दहाही जण लहानपणी आज्ञाधारक आणि पहिल्या नंबरचे. संच अजून कोरा आहे.

तेव्हापासून आधी शेवटचं पान उघडते. तिथं तात्पर्य असेल तर पुस्तक परत फडताळात. मग मधलं कुठलंही पान हळू आवाजात वाचायचं. ‘त्याने त्याच्या हाताने त्याची टोपी काढली’ असं काही निघालं, तर भाषांतर करणाऱ्यानं ते स्वतः मोठ्यानं वाचलेलं नाही, हे नक्की. शेवटी पुस्तक मधोमध उघडून दाबते. गोंद कडकडला की संपलं. आमच्याकडे वर्षाला चाळीस हात लागतात. दुकानदार हल्ली माझ्याकडे बघतच नाहीत.

१.१५. उभ्याउभ्या वडापाव.

२.००. पहिली-दुसरीसाठी माधुरी पुरंदरे. लिहितात त्या, चित्रंही त्यांचीच. शेजारचे आजोबा पानं उलटत म्हणाले, "यात वाचायला काय आहे? दोन मिनिटांत संपेल."

"आजोबा, त्या खिडकीत मांजर दिसलं का?"

त्यांनी चष्मा वर केला. मी बिल करून निघाले तेव्हाही त्यांच्या हातात तेच पुस्तक होतं.

४.३०. ग्रंथालयाची सवलत, पावती, शिक्का. पिशव्या भरल्या, ‘मागच्यासारखं’ मात्र मिळालेलं नाही. हसऱ्या शाळेच्या गोष्टी दोन सापडल्या, दोन्ही गोडमिट्ट. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत ‘पाडस’ दिसलं. रॉलिंग्ज यांच्या १९३८च्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. जाडजूड, कोपरे दुमडलेले. फुटपाथवर पावती मिळत नाही, म्हणजे पैसे माझे.

रात्री ९.३०. दाखल नोंदवहीत सदतीस पुस्तकं चढली, शिक्के मारून झाले. ‘पाडस’ला क्रमांक नाही. शेवटाकडे त्यातल्या हरणाचं काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून दुपारपासून मन मागंपुढं होतंय. बारा वर्षांच्या मुलीला हे द्यावं का?

पण ‘तोत्तोचान’मध्येही शेवटी बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. ते वाचूनच तर तिनं ‘मागच्यासारखं’ लिहिलंय.

‘पाडस’ला खाकी कव्हर घातलं आणि सोमवारच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं.