तीन हजारांतले छत्तीस फेरे

सोलापूरच्या दक्षिणेला फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच, मिळून १,३२० मेगावॉट. संच चालू असताना त्याच्या टर्बाइनचा आणि जनित्राचा शेकडो टनांचा आस मिनिटाला ३,००० फेरे घेतो, म्हणजे दिवसाला ४३ लाख २० हजार. टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातल्या लांब पात्यांची टोकं आवाजापेक्षा जास्त वेगाने फिरत असतात. पण थक्क व्हायचं ते त्या वेगाने नाही. त्याच क्षणी कोराडीचा, चंद्रपूरचा, विंध्याचलचा, रामगुंडमचा, नेयवेलीचा आसही तेवढेच फेरे घेत असतो. कोयनेची टर्बाइनं सावकाश फिरतात, पण त्यांचं प्रमाण याच तीन हजारांशी जखडलेलं आहे. फताटेवाडीच्या संचाला एकट्याने ३,००१ फेरे घ्यायची मुभा नाही. घ्यायचे तर लेहपासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्यांनी मिळून घ्यायचे.

सेकंदाला ५० आवर्तनं, ५० हर्ट्झ, हा तो आकडा. नियमाने तो ४९.९० ते ५०.०५ यांच्या आत राहायला हवा. फेऱ्यांच्या भाषेत मिनिटाला २,९९४ ते ३,००३, म्हणजे खाली सहा फेऱ्यांची आणि वर तीन फेऱ्यांची सवलत. वारंवारिता ४९.४ ला आली, म्हणजे फेरे २,९६४ झाले, की माणसाला न विचारता रिले कामाला लागतात आणि कुठल्यातरी गावांची वीज तोडायला सुरुवात होते. सगळा खेळ तीन हजारांतल्या छत्तीस फेऱ्यांचा.

एवढी कडक शिस्त लागते, कारण तारेत वीज साठत नाही. या क्षणी देश जेवढी वीज वापरतो आहे, तेवढीच या क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली की सगळे आस एकदम जड होतात आणि किंचित मंदावतात. मागणी घटली की सुसाटतात. ३० मे २०२४ ला देशाची मागणी जवळजवळ अडीच लाख मेगावॉटला पोचली होती. फताटेवाडीसारखी १८९ केंद्रं पूर्ण ताकदीने चालवली तर तेवढी वीज होईल. ती वाहून नेणाऱ्या २२० केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांची लांबी ५ लाख सर्किट किलोमीटरच्या घरात आहे. चंद्र इथून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे.

हे इतकं मोठं यंत्र पूर्वी एक नव्हतं. पाच प्रादेशिक ग्रीड होती. ईशान्य आणि पूर्व १९९१ मध्ये जोडली गेली, पश्चिम २००३ मध्ये आणि उत्तर २००६ मध्ये. दक्षिण मात्र वेगळीच राहिली. तिच्याशी व्यवहार होता तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणांहून. तिथे पश्चिमेची वीज आधी डीसी करायची, पुन्हा एसी करायची आणि मग दक्षिणेला द्यायची, म्हणजे दोघांच्या वारंवारिता एकमेकींना बांधल्या जात नाहीत.

मग २०१२ चा जुलै आला. ३० तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर ग्रीड कोसळलं. कसंबसं उभं केलं, तोच ३१ ला दुपारी एक वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीड एकदम गेली. सुमारे ४८ हजार मेगावॉट वीज आणि साठ कोटींहून अधिक माणसं. दोन्ही दिवशी सुरुवात झाली ती बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या एकाच वाहिनीवरच्या भारापासून. पश्चिम ग्रीड तुटून वेगळं झालं आणि तगलं, त्यामुळे आपल्याकडे ही बातमी दिव्याखाली बसून वाचता आली. तेव्हा केंद्रात ऊर्जामंत्री होते सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे, आणि त्याच ३१ जुलैला त्यांच्याकडे गृहखातं आलं. इतिहासातल्या सर्वांत मोठ्या वीजखंडाच्या दिवशीच बढती! योगायोग म्हणून सोडून देऊ, पण वर्तमानपत्रांनी तो सोडला नव्हता.

साठ कोटी लोकांना अंधारात टाकणारा अपघात झाला, तर ग्रीडचे तुकडे करावेत असं कुणालाही वाटेल. झालं उलट. सतरा महिन्यांनी, ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री, रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी चालू झाली आणि दक्षिण उरलेल्या भारताला जोडली गेली. अंतर फक्त २०८ किलोमीटर. दाब यंत्रमागाच्या ४१५ व्होल्टच्या मोटारीपेक्षा १,८०० पटींहून जास्त. जोडायच्या क्षणी दोन्हीकडची आवर्तनं एकाच गतीने आणि एकाच टप्प्यावर यावी लागतात. ती आली, ब्रेकर मिटला, आणि काश्मीरपासून केरळपर्यंतचे आस एका चालीत फिरायला लागले. साडेसात महिन्यांनी, १६ ऑगस्ट २०१४ ला, पंतप्रधानांच्या हस्ते सोलापुरात वाहिनीचं लोकार्पण झालं. विजेने काही फितीची वाट पाहिली नाही.

सोलापूरकर चादरीचं नाव अभिमानाने सांगतात, सिद्धेश्वराच्या यात्रेचं सांगतात. देशाचं विजेचं जाळं आपल्या जिल्ह्यात पुरं झालं, हे मात्र सांगत नाहीत. सांगायला हवं. अमेरिकेत आजही तीन वेगळी ग्रीड आहेत, आणि जपानात अर्धा देश ५० हर्ट्झवर तर अर्धा ६० वर चालतो.

या पन्नासच्या आकड्याशी सोलापूरचा संबंध खरं तर जुना आहे. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाची मोटार वारंवारितेच्या प्रमाणात फिरते. नव्वदच्या दशकात वारंवारिता ४८ पर्यंत घसरायची. तेव्हा माग चार टक्के सावकाश चालायचा आणि शंभर मीटरच्या वेळात शहाण्णव मीटर कापड निघायचं. लाईट असूनही चार मीटर गेले कुठे, हे कारागिराला कोण सांगणार? १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात विजेचा दर वारंवारितेला बांधला गेला. तुटवड्याच्या वेळी ठरल्यापेक्षा जास्त ओढणाऱ्याला महाग पडू लागलं आणि आकडा ताळ्यावर आला. इंजिनिअरांना वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते बिलाने करून दाखवलं.

आता खरी गंमत. एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं, तर दुसरं केंद्र वीज वाढवेपर्यंतची तूट कोण भरतं? फिरणारे आसच. पाय थांबवले तरी सायकल थोडी पुढे जाते, तसा आसात साठलेला जोर विजेत उतरतो. हा जोर किती? ६६० मेगावॉटच्या संचात साधारण चार सेकंद पुरेल इतका. युनिटमध्ये मोजला तर सुमारे ७३३ युनिट, महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराची सात महिन्यांची वीज. शेकडो टन लोखंड तीन हजार फेऱ्यांनी फिरवून पदरात एवढंच.

तेही सगळं वापरता येत नाही. फेरे ३,००० वरून २,९६४ वर येईपर्यंतच उसनवारी चालते, पुढे वीजकपात. तेवढ्या उताराचं गणित केलं तर ७३३ पैकी जेमतेम साडेसतरा युनिट हाती लागतात. समजा देशातली दहा टक्के वीज एका झटक्यात गेली आणि दुसऱ्या कुणी काहीच केलं नाही, तर या उसनवारीवर ग्रीड साधारण एक सेकंद तगेल. प्रत्यक्षात टर्बाइनचे गव्हर्नर लगेच वाफ वाढवतात, मागाच्या आणि पंपाच्या मोटारी मंदावून मागणी थोडी कमी करतात, आणि निभावतं. पण त्यांना जागं व्हायला वेळ मिळतो तो या एका सेकंदात.

आणि सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. रायचूरची वाहिनी जोडली तेव्हा देशात सौर वीज ३,००० मेगावॉटही नव्हती. सप्टेंबर २०२५ अखेर तिची क्षमता सुमारे १ लाख २७ हजार मेगावॉट झाली. २९ जुलै २०२५ ला देशाच्या २ लाख ३ हजार मेगावॉट मागणीतला ५१.५ टक्के वाटा सूर्य, वारा, पाणी वगैरेंनी उचलला. यात पाण्याची टर्बाइनं फिरतात, जोर देतात. सौर इन्व्हर्टर मात्र ग्रीडची चाल ऐकून तिच्यामागे चालतो, स्वतः चाल देत नाही. दुपारी निम्मे आस बंद ठेवून त्यांच्या जागी सौर वीज घेतली, तर तो एक सेकंद अर्धा होतो.

२८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास, लख्ख उन्हात, स्पेनची सुमारे १५ हजार मेगावॉट वीज पाच सेकंदांत गेली आणि पोर्तुगालसह सगळा द्वीपकल्प बंद पडला. लगेच ‘सौर विजेने घात केला’ अशी ओरड झाली. ती अर्धवट आहे. तिथे विजेचा दाब बेसुमार वाढला आणि तो आवरायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते पुरेसं केलं नाही. दोष उन्हाचा नव्हता. ग्रीड सांभाळायची कामं आसांबरोबर फुकट मिळत होती. आस कमी झाले की ती कामं कुणाला तरी नेमून, पैसे मोजून करून घ्यावी लागतात.

यापेक्षा अवघड आहे ती रोजची संध्याकाळ. सोपे आकडे धरू. दुपारी तीनला देशभरातून ४२ हजार मेगावॉट सौर वीज येते आहे आणि साडेसहाला ती शून्य झाली. २१० मिनिटांत एवढी घसरण म्हणजे मिनिटाला २०० मेगावॉट, दर सव्वातीन मिनिटांना फताटेवाडीचा एक संच बंद पडल्यासारखं. त्याच वेळी घरोघरी दिवे लागत असतात. कोळशाचा संच सहसा ५५ टक्क्यांच्या खाली उतरवत नाहीत, म्हणजे ३६३ मेगावॉटवरून ६६० वर नेला तरी वाढ २९७ चीच. नुसत्या कोळशावर ही संध्याकाळ निभावायची तर १४२ संच दुपारभर अर्धपोटी चालत ठेवायला हवेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये नियम केला की हे संच टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरायला शिकले पाहिजेत. एका गतीने वर्षानुवर्षं चालण्यासाठी बांधलेल्या बॉयलरला आता रोज तापायचं आणि निवायचं आहे. त्याने धातू थकतो, आणि तो खर्च शेवटी बिलातच येणार.

पाणी यात सर्वांत तरबेज. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन झालं, तेव्हा देशाची मागणी पंचवीसेक मिनिटांत ३१,०८९ मेगावॉटने उतरली आणि पुन्हा चढली. साडेतेवीस फताटेवाड्या बंद करून चालू करण्यासारखं ते होतं. त्या पंचवीसेक मिनिटांत जलविद्युत केंद्रांनी साडेसतरा हजार मेगावॉट वीज कमी केली आणि मग पुन्हा वाढवली. वारंवारिता ४९.७० ते ५०.२६ मध्ये राहिली. त्या रात्री टाळ्या दिव्यांना पडल्या. पडायला हव्या होत्या भार प्रेषण केंद्रात बसलेल्यांना. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून प्रत्येकाची वीज आदल्या दिवशी मांडणारी ही माणसं. पश्चिम विभागाची मुंबईत बसतात.

दुपारची वीज पाण्याच्या रूपाने वर चढवून संध्याकाळी खाली सोडायची सोय महाराष्ट्रात आहे: घाटघरला २५० मेगावॉट, भिऱ्याला १५० आणि आपल्या उजनीला १२. बेरीज ४१२, संध्याकाळच्या त्या ४२ हजारांचा जेमतेम एक टक्का. बॅटऱ्या येताहेत, क्षणार्धात धावून जातात, पण त्याही काही तासांच्याच सोबती. म्हणून सभेत कुणी नव्या सौर प्रकल्पाचे मेगावॉट सांगितले, की संध्याकाळी सातला त्यातले किती, एवढंच विचारावं.

मागणीच उन्हात नेणं हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तो शेतात आहे. राज्यात सुमारे ४५ लाख कृषिपंप आहेत. सरासरी पाच अश्वशक्ती धरली तर सगळे मिळून जवळपास १६,८०० मेगावॉट होतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं लक्ष्यही १६ हजार मेगावॉटचं आहे, आणि तिचे प्रकल्प गावाजवळच्या उपकेंद्रालाच जोडायचे आहेत. चक्राकार पद्धतीत रात्री लाईट आली की साप-विंचवाच्या, करमाळ्याकडे तर बिबट्याच्याही भीतीत उसाला पाणी द्यायचं, ते यातून सुटतं. ग्रीडचाही रात्रीचा भार हलका होतो.

एक काम मात्र कुठल्या योजनेवर अडलेलं नाही. लाईट आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून पंपाला ऑटो स्विच बसवलेले असतात. एक लाख पंप असे एकदम उठले तर चालता भार ३७० मेगावॉट, फताटेवाडीच्या एका संचाच्या निम्म्याहून जास्त. आणि सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते ते वेगळंच. पहिला बळी गावच्या डीपीचा जातो. ती बदलून मिळेपर्यंत ऊस वाळतो तो आपलाच. महावितरण वर्षानुवर्षं सांगतं आहे, तेच पुन्हा सांगतो: पंपाचा ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा, आणि फिडरला दिवसा लाईट मिळत असेल तर पाणी दिवसाच द्या.