एवढेसे धरण

सिद्धेश्वरचे धरण भरले की आपल्या गावची मंडळी ते पाहावयास जातात. पाण्याची मौज कोणाला नको असते? लोणावळ्याचे भुशी धरण तर आता केवळ सहलीचेच ठिकाण झाले आहे. रेल्वेने ते वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले. आज हजारो माणसे त्याच्या पायऱ्यांवर बसून भिजतात. या पायऱ्यांवरूनच धरणाचे जादा पाणी वाहून जाते. म्हणजे आपण जिला मौजेची जागा मानतो, ती पुराची वाट आहे. तरी आपण म्हणतो, "एवढेसे तर धरण, त्याचे काय भय!" आज या 'एवढेसे' शब्दाचाच विचार करावयाचा आहे.

मी इंजिनियर नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांत पुष्कळ झाले. साखर कारखान्यातील बॉयलरवाल्यांनी मला शिकविले की, बॉयलरविषयी प्रश्न तीन असतात: तो केवढा आहे, त्याची प्रकृती कशी आहे आणि त्याच्या शेजारी माणसे किती उभी आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही. धरणाचेही तसेच आहे.

पहिला प्रश्न आकाराचा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीची धरणे काही अटींवरच त्यात येतात. उदाहरणार्थ, लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर असेल तर. त्याहून ठेंगणी गावतळी कायद्याबाहेर राहतात.

दुसरा प्रश्न प्रकृतीचा. तपासणीनंतर धरणांचे तीन वर्ग करतात: फुटण्याची भीती असलेले मोठे दोष, त्वरित दुरुस्ती मागणारे मोठे दोष, आणि किरकोळ दोष किंवा निर्दोष.

तिसरा प्रश्न धोक्याचा: धरण फुटलेच तर खाली किती जीव जातील? धडधाकट धरणही या हिशेबाने मोठ्या धोक्याचे ठरते. खाली वस्ती वाढली की धरणाचा एक दगडही न हलता धोका वाढतो.

हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की काय होते, ते चिपळूण तालुक्यातील तिवरे गावाने पाहिले. तेथील मातीचे धरण लघुपाटबंधारे योजनेतील होते. हा 'लघु' शब्द भिजणाऱ्या जमिनीवरून येतो. २००० हेक्टरपर्यंतची योजना ती लघु. त्यात धोक्याचे मोजमाप नाही. गळतीविषयी गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली.

तेव्हा आपल्या शिवारात तलाव असेल, तर पावसाळ्यापूर्वी चार जणांनी बांधावरून फिरून यावे. पाझरणारे पाणी नितळ आहे की गढूळ? गढूळ असेल तर आतली माती वाहत आहे. बांधावर झाडे वाढली आहेत काय? घुशींची बिळे आहेत काय? सांडव्यात कोणी भराव टाकला आहे काय? जे दिसेल ते ग्रामसभेत लेखी द्यावे, पोच घ्यावी, आणि तलावाखाली किती घरे आहेत तो आकडाही त्याच कागदावर लिहावा. यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगाराला यंत्राविषयी विचारण्याचा हक्क आहे. बांधाखाली झोपणाऱ्यालाही तोच आहे.