अर्ध्या युनिटाचा डोंगर

वीज कंपनीच्या उपकेंद्रांवर नोकरी केलेला माणूस चढ बघितला की मनात युनिटं मोजायला लागतो. मी आणि माझी सायकल मिळून नव्वद किलो. दिवसभरात चढायचे सुमारे २,००० मीटर. गणित केलं तर उत्तर येतं अर्धं युनिट. दोन किलोवॅटचा गीझर पंधरा मिनिटांत खातो तेवढंच. शरीराची कार्यक्षमता जेमतेम पाव धरली तर अन्न लागतं त्याच्या चौपट, म्हणजे दोन युनिटं, साधारण १,७०० कॅलरी. दोन वेळच्या जेवणात बसणारी गोष्ट.

तरीही फ्रान्सच्या व्होक्लूझ जिल्ह्यातल्या मों व्हाँतूचं नाव काढलं की चांगले चांगले सायकलवाले गंभीर होतात. उंची १,९०९ मीटर, कळसूबाईपेक्षा अडीचशेहून जास्त, आणि थेट माथ्यावर डांबरी रस्ता. आजूबाजूला त्याच्या तोडीचा दुसरा डोंगर नाही. प्रोव्हान्सच्या द्राक्षमळ्यांतून कुठूनही दिसतो आणि माथा उन्हाळ्यातही पांढरा. ते बर्फ नव्हे, चुनखडीचा चुरा आहे. तुलोंच्या गोदीत जहाजं बांधायला इथली झाडं शतकानुशतकं तोडली गेली, वर मेंढ्या चरल्या आणि डोंगर बोडका झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा लागवड सुरू झाली, त्यामुळे आता निम्म्या उंचीपर्यंत ओक आणि देवदार आहेत.

माझं म्हणणं साधं आहे. भीती युनिटांची नसते, लोडची असते. व्हाँतूवर तीन रस्ते जातात: बेद्वाँ, मालोसेन आणि सो या गावांतून. टीव्हीवर शर्यतीत दिसतो तो बहुतेक वेळा बेद्वाँचा. त्यात मधले नऊ-दहा किलोमीटर दाट जंगलातून सरासरी नऊ टक्क्यांनी उभे चढतात. माझ्या वजनाला ताशी दहाच्या वेगाने तिथे नुसत्या चढासाठी २२० वॅट लागतात. सो गावाकडून पूर्ण चढाची सरासरी चार-साडेचार टक्के, त्याच वेगाला ११० वॅट. साठीच्या आसपासच्या माणसाने कुठून जावं हे मीटरच सांगतं.

म्हणून माझी प्रदक्षिणा अशी: बेद्वाँहून सकाळी सातला निघायचं, डोंगराला डावीकडे ठेवून नेस्क नदीच्या घळीतून सो गाठायचं, तिथून माथा, मागच्या बाजूने मालोसेनला उतार आणि एक बुटकी खिंड ओलांडून परत बेद्वाँ. साधारण शंभर किलोमीटर. आव्हिन्योंला शिकणारी माझी मुलगी मात्र हट्टाने बेद्वाँचाच घाट घेणार होती. उशिरा निघून ती मला वर, घाटातल्या शाले रेनारला भेटणार असं ठरलं.

सप्टेंबर निवडला तो मुद्दाम. जुलैमध्ये लॅव्हेंडर फुलतं हे खरं, पण ते बघायला मोटारीही फुलतात. सप्टेंबरात फुलांची कापणी झालेली असते, शेतात करड्या-हिरव्या झुडपांच्या भादरलेल्या रांगा उरतात. खालच्या मळ्यांत मस्कातचे काळे घड लटकलेले असतात. हे खायचं द्राक्ष, वाइनचं नव्हे. तासगावच्या बागा बघितलेल्या माणसाचा पाय तिथे ब्रेकशिवायही थांबतो.

वील-स्युर-ओझों गाव संपलं की घळ सुरू होते. रस्ता डी ९४२. हा ‘डी’ म्हणजे जिल्ह्याने सांभाळायचा रस्ता, आणि फ्रान्समधल्या सायकल प्रवासाचं निम्मं रहस्य या अक्षरात आहे. मोठी वाहतूक दुसऱ्या मार्गांनी निघून जाते, गावांना जोडणाऱ्या या अरुंद वाटा मोकळ्या राहतात आणि तरी डांबर शाबूत असतं. किलोमीटरच्या दगडांना पिवळी टोपी. गावाच्या वेशीवर नावाची पाटी, गाव संपलं की तेच नाव तांबड्या तिरक्या रेघेने खोडलेलं. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवायचं असा नियम आहे आणि बहुतेक जण तो पाळतात. मागून हॉर्न न येण्याची सवय व्हायला सातारकराला थोडा वेळ लागतो.

घळीतला चढ इतका सौम्य की पॅडलवर दाब जाणवत नाही. वीस किलोमीटरमध्ये साडेचारशे मीटर. रस्ता कड्याच्या कडेने सरकतो, मध्ये कातळात कोरलेले बोगदे, खाली झाडीत बुडालेली नदी. कार्पाँत्राहून सोला जाणाऱ्यांना दुसरा जवळचा रस्ता आहे, त्यामुळे इथे येतो तो हौसेनेच. सर्वांत उंच जागा कास्तेलारा, ७३४ मीटर. समोर घळीपलीकडे रोशे द्यु सीर हा ८७२ मीटरचा सरळसोट कडा. पूर्वी त्यावर रानमधमाश्यांची पोळी असायची. १९०४ चं साहित्याचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्या फ्रेदेरिक मिस्त्राल यांच्या ‘कालेंदाल’ काव्याचा नायक याच कड्यावर मध काढायला चढतो. दोरावरून आग्या मोहोळ उतरवणारे कातकरी बघितले असतील, तर नायकाचा पराक्रम समजायला प्रोव्हान्साल भाषा यावी लागत नाही.

पाण्याचं सांगतो, कारण नकाशे ते सांगत नाहीत. गावच्या कारंज्याला ‘नों पोताब्ल’ पाटी असेल तर ते पिऊ नका. पाटी नसेल आणि शंका असेल तर स्मशानभूमी शोधा. फुलझाडांसाठी तिथे बहुधा नळ असतो, त्यावरची पाटीही वाचून घ्या. पहिल्यांदा मला ते अवघड वाटलं, मग तिथे बाटल्या भरणारे फ्रेंच आजोबाच भेटले. खाण्याचं वेळापत्रक याहून कडक. पावाचं दुकान पहाटे उघडतं, दुपारी बंद. हॉटेलचं स्वयंपाकघर बारा ते दोन. अडीचला पोहोचलात तर कॉफी मिळेल, जेवण नाही.

बुधवार असल्याने सोला बाजार होता. हा आठवडे बाजार १५१५ पासून भरतो. नुगा, मध, चीज, लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या. मी रमलो तो एका धान्याच्या पोत्यापाशी. ‘पती एपोत्र’, इथल्या पठारावरचा जुना गहू. आपल्या खपलीच्या जातकुळीतला, पण तिच्याहून जुना. खपलीच्या कणसुल्यात दोन दाणे असतात, याच्यात एकच. सालही तसंच चिवट, कांडल्याशिवाय सुटत नाही. विकणाऱ्या बाईंना मोबाइलवर खपलीच्या शेवयांचा फोटो दाखवला. त्यांनी शिजवलेल्या एपोत्रचं सॅलड द्रोणाएवढ्या वाटीत घालून दिलं, पैसे घेतले नाहीत.

सोपासून खरा घाट. इथे पॉल द विवी या गृहस्थांची आठवण काढायला हवी. १८५३ ते १९३० हा त्यांचा काळ, मुक्काम सेंत-एतिएन, टोपणनाव व्हेलोसिओ. चढाला हलका आणि सपाटीला जड गिअर हवा, हे त्यांनी स्वतः डोंगर पालथे घालून पटवलं. शर्यतवाल्यांना मात्र गिअर बदलणं म्हाताऱ्यांचं काम वाटायचं. तूर द फ्रान्स १९०३ ला सुरू झाली, तिच्यात डिरेलर यायला १९३७ उजाडलं. म्हणजे भटके पुढे, शर्यतवाले मागे. माझ्या भाड्याच्या सायकलला पुढे ३४ आणि मागेही ३४ दात होते. पॅडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. यवतेश्वरच्या घाटात एवढ्या हलक्या गिअरवर मला कोणी बघितलं असतं तर चिडवलं असतं.

शाले रेनार १,४१७ मीटरवर. बेद्वाँचा आणि सोचा रस्ता तिथे मिळतो. मुलगी आधीच येऊन बसली होती, चेहरा बिटासारखा. म्हणाली, “बाबा, त्या जंगलात वारा हलतसुद्धा नाही.”

वारा पुढे होता. शेवटचे सहा किलोमीटर आठ टक्क्यांचे आणि पूर्ण उघडे. २०१६ साली वाऱ्यामुळेच तूरचा टप्पा माथ्याऐवजी शाले रेनारला संपवावा लागला होता. माथ्याच्या थोडं खाली टॉम सिम्प्सन यांचं स्मारक आहे. १३ जुलै १९६७ ला हा ब्रिटिश शर्यतपटू त्या जागी कोसळला, वय २९. प्रचंड ऊन, पोटात उत्तेजक औषधं आणि दारू. दगडावर सायकलवाले टोप्या, बाटल्या ठेवून जातात. मी ठेवली नाही. बाटली मला लागणार होती, आणि शरीराच्या क्षमतेपेक्षा जास्त लोड ओढायला लावणाऱ्या खेळाला नैवेद्य कशाला?

माथ्यावर मिस्त्राल वारा उत्तरेकडून असा आला की फोटो एकानेच काढला, दुसऱ्याने सायकली धरल्या. लगेच जॅकेट चढवून मालोसेनकडे सुटलो. एकवीस किलोमीटरमध्ये दीड हजार मीटर खाली. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते. वळणाआधी जोरात दाबा, मग पूर्ण सोडा. कवी पेत्रार्क आपल्या भावाबरोबर २६ एप्रिल १३३६ ला या बाजूने चढल्याचं पत्रात लिहून गेला आहे, तेही पायी. मालोसेनच्या अलीकडे ग्रोझोचा झरा कड्याखालून रस्त्याकडेलाच फुटतो. पाण्यात पाय घातले आणि दुसऱ्या मिनिटाला काढले, इतकं गार.

शेवटची मादलेन खिंड जेमतेम ४४८ मीटरची, तीही मळ्यांमधून. तिथे मुलीने विचारलं, व्हाँतूवर एका दिवसात तिन्ही बाजूंनी चढणाऱ्यांचा एक क्लब आहे, १९८८ पासूनचा. पुढच्या वर्षी येणार का?

“तिन्ही मिळून एका युनिटाहून थोडं जास्त होईल,” मी म्हटलं. “तू घे. मी सोच्या बाजारात बसून मीटर वाचतो.”