चार वर्षांनी निवडणूक झाली, तरी मुंबईत मतदान का घटलं?

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्पही प्रशासकानेच मंजूर केला. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी २२७ प्रभागांत मतदान झालं, पण ते सुमारे ५३ टक्केच. २०१७ मध्ये हेच प्रमाण ५५ टक्क्यांहून अधिक होतं.

निवडणूक का रखडली?

मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागसंख्येचा वाद न्यायालयात अडकला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर प्रक्रिया हलली.

मतदारयादी कुठून येते?

राज्य निवडणूक आयोग नवीन नावं नोंदवत नाही. विधानसभेची यादी घेऊन तो ती प्रभागनिहाय फोडतो. यावेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली. त्यामुळे ऑगस्टमध्ये १८ वर्षांचे झालेले तरुण मतदानापासून वंचित राहिले.

उपनगरांत अडचण काय?

समजा, घाटकोपरची इमारत पुनर्विकासाला गेली आणि कुटुंब मुलुंडला भाड्याने राहायला आलं. पत्ता बदलला नाही, तर नाव जुन्याच प्रभागात राहतं. म्हणजे रोज ज्या रस्त्याने जायचं, तिथला नगरसेवक निवडता येत नाही. मत द्यायचं तर घाटकोपर गाठावं लागतं. अंधेरी, बोरिवलीतल्या भाडेकरूंचंही तेच.

अर्थात, यादी हे एकमेव कारण नाही. नाव असूनही अनेक जण घरीच थांबले. चार वर्षं तक्रारी थेट वॉर्ड ऑफिसात नेणाऱ्यांना नगरसेवक कशाला हवा, हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. पण वॉर्ड ऑफिसातल्या अधिकाऱ्याला मतदार बदलू शकत नाही, नगरसेवकाला बदलू शकतो.

आता काय करायचं?

नवीन नोंदणीसाठी फॉर्म ६ आणि पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरायचा. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका, तोवर यादीची तारीख उलटून गेलेली असते.

मुंबईत मतदार आहेत सुमारे १ कोटी ३ लाख. म्हणजे एका प्रभागात सरासरी ४५ हजार. त्यातले साधारण २१ हजार यावेळी मतदानाला आलेच नाहीत.