पाळलेला पोपट दुसऱ्याला देताना

गळ्याभोवती कंठी असलेला आपला हिरवा पोपट 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पाळणे, विकणे गुन्हा आहेच. शेजाऱ्याला हौसेने भेट देणेही बेकायदा. त्याला नवे घर हवे, तर तो वनखात्याच्या हवाली करावा. पेणकरांनी अलिबाग वनविभागाशी, रोहेकरांनी रोहा वनविभागाशी बोलावे, हेल्पलाइन 1926.

कृपा करून पिंजऱ्याचे दार उघडून त्याला ‘मुक्त’ करू नका. पंख छाटलेला, हातचा पेरू खाऊन वाढलेला पक्षी मांजरांच्या, कावळ्यांच्या तावडीत सापडतो.

आफ्रिकन ग्रेसारखा परदेशी पोपट दुसऱ्याला देता येतो. मात्र 2024च्या नियमांप्रमाणे त्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी हवी, मालक बदलल्याचेही कळवायला हवे.